डॉक्टरांचा सहावा प्रश्न

७ नोव्हें. ७८
भंडाऱ्याहून आताच आलो. एक सी.एल. गेली, पण काम झालं. डॉ. म्हणाले, ह्यांच्या कंपवातावर आता नवीन गोळी सुरू करू. जुनीनं नुसती जीभ कोरडी पडते, हात काही थांबत नाही. मात्र नवीन गोळी डोळे झाकून सुरू करायची नाही, आधी सात गोष्टी बघायच्या. मी पर्समधून पेन काढलं. कागद नव्हता, हजेरीच्या जुन्या पानाची पाठ कामी आली.

डोळ्यांत काचबिंदू आहे का. पोटात व्रण, शौचाचा रंग कधी काळा होता का. हृदयाचं दुखणं किंवा दमा. उभं राहताना चक्कर. अंगावर वाढता काळा तीळ. सहावा, मनाचा आजार, आत्ता किंवा पूर्वी. सातवा, घरात चालू असलेली बाकीची औषधं.

डॉ. ह्यांच्याकडे बघून विचारत होते, उत्तरं मी देत होते. ह्यांचा आवाज वर्षभरात इतका बसलाय की टेबलापलीकडे पोचत नाही. व्रण नाही. दमा नाही. तीळ आहे, पाठीवर, डाव्या फऱ्याखाली, वाढलेला नाही. मनाचा आजार? नाही. दहा मिनिटांत सगळं उरकलं. डॉ. हसले, "बाई, तुम्ही पेपर फुटल्यासारखी उत्तरं देताय." म्हटलं, अठ्ठावीस वर्षांचा अभ्यास आहे.

डोळे आणि रक्तदाब तपासल्याशिवाय गोळी नाही, असं निक्षून सांगितलं. बरोबर आहे. मीही वह्या तपासल्याशिवाय मार्क देत नाही.

एस.टी.त हे खिडकीशी बसले, पवनीपर्यंत एक शब्द नाही. थकले असतील.

९ नोव्हें.
डॉ.ना तोंडी सांगितलं खरं, पण तिळाची खात्री केलेली बरी. सकाळी ह्यांना उन्हात पाठमोरं बसवून कंपासपेटीतल्या पट्टीनं मोजला. दोन मिलिमीटर. कडा गोल. तारीख घालून ठेवलीय, महिन्यानं परत मोजीन.
"सातबारा काढून राहिली का पाठीचा?" हे म्हणाले. हसले. खूप दिवसांनी हसणं ऐकलं. चेहरा हसत नाही आता, आवाजच तेवढा हसतो.

१२ नोव्हें., रवि.
शहापूरला शाळेत डोळ्यांचं शिबिर होतं, तिथं गेलो. हायवेवरचं गाव, म्हणून रांग ही एवढी. रांग लावणाऱ्या बाई ओळखीच्या निघाल्या (डी.एड.च्या वर्गातली मैत्रीण), म्हणून ह्यांना बसायला खुर्ची मिळाली. उताणं निजवून डोळ्यात थेंब टाकले आणि बुबुळावर इवलंसं वजन ठेवून दाब मोजला. हात थरथरत होता पण डोळा हलवला नाही. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, दाब छान, काचबिंदू नाही, डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची नुसती सुरुवात.
पहिला प्रश्न संपला. चिठ्ठी जपून ठेवली.

१६ नोव्हें.
पवनीच्या दवाखान्यात रक्तदाब. एकदा निजवून, एकदा उभं करून. फरक थोडाच. नवीन गोळीनं उभं राहताना दाब खाली येतो म्हणे, म्हणून ही तपासणी. ह्यांना बजावलं, खाटेवरून उठताना आधी पाय खाली सोडायचे, शंभरपर्यंत मोजायचं, मग उठायचं. म्हणतात, "शंभर मोजस्तवर बैल पवनीले पोचन." वीसवर तडजोड झाली.
सगळे रिपोर्ट नकलून डॉ.ना टपालानं पाठवले. घरातल्या बाटल्यांची यादीही. त्यात माझी ताकदीची लाल गोळी आहे, जी मी साऱ्या आसगावला वाटत असते. तीही लिहिली. लपवालपवी नको.

१९ नोव्हें., रवि.
मंदा नागपूरहून नव्या गोळ्यांची बाटली घेऊन आली. लेक असावी तर अशी. तीन दुकानं फिरली. लहानशी तपकिरी बाटली, घट्ट झाकण. ह्यांनी हातात घेतली, बाटली आतल्या आत वाजायला लागली. "खुळखुळा आहे जणू," म्हणाले. मंदाला रडू आलं, ती परसात गेली.
दुपारी बांधीवर, आमच्या धानाच्या शेतात गेलो. भारी, उशिराचं धान कापून पडलंय, सालदार भारे बांधतोय. ह्यांच्यासारखा भारा आख्ख्या शिवारात कोणी बांधत नसे. डोक्यावरून चार कोस नेला तरी एक काडी गळायची नाही. आज धुऱ्याच्या बांधावर बसून नुसते बघत होते. सालदारानं गाठ मारली की ह्यांची बोटं मांडीवर तीच गाठ मारत होती. मी पाहिलं ते त्यांना कळलं.
"आजपासून घेऊ का गोळी?"
"डॉक्टरांचं पत्र आल्यावर."
"पत्र, पत्र."

२२ नोव्हें.
डॉ.चं कार्ड आलं. सर्व ठीक. सोमवार ता. २७ पासून सकाळच्या खाण्यानंतर अर्धी गोळी. मळमळ होईल, घाबरू नये. लघवीचा रंग बदलेल, घाबरू नये. जुनी गोळी एकदम थांबवू नये. लाल गोळी मात्र तूर्त बंद. माझ्या लाल गोळीचा असा अपमान! असू दे.
पुठ्ठ्यावर वेळापत्रक करून भिंतीला लावलं. लाल शाईनं रकाने. शाळेतल्यापेक्षा चांगलं झालंय.

२४ नोव्हें.
काय लिहू.
दिघोरीहून आक्का आल्या, ह्यांची मोठी बहीण. पिशवीत नारळ, हिरव्या बांगड्या, खण, दहीभाताला नवे तांदूळ. मला वाटलं मंदासाठी. तर म्हणाल्या, "सुमन, दामूले मोठं औषध चालू करून राहिले म्हणते. मंग तलावाच्या पारीवर आसरायची ओटी नको का भराले? मांगच्या वख्ती ओटीनंच तं उतरलं होतं."
मी नेहमीसारखी शिकवायला निघाले. "आक्का, हे औषध हाताच्या थरथरीचं आहे. त्याचा आसरांशी काय संबंध?"
आक्का म्हणाल्या, "माणूस तं तोच आहे ना, बाई."
चहाचं आधण उतू गेलं.

साल बावन्न. आमच्या लग्नाला दोन वर्षं. मामंजी कार्तिकात गेले आणि पंधरा दिवसांत ह्यांना ते तलावाच्या पारीवर, बांधावर बसलेले दिसायला लागले. रोज पहाटे हे तिकडे जायचे. बोलायचे. एकदा "बाबा म्हणून राहिले, पाणी सोड" म्हणत तलावाची मोरी उघडली. अर्ध्या गावाचं कापलेलं धान बांध्यांत भिजलं. गाव म्हणालं, आसरा लागल्या. तलावातल्या त्या सात बाया. पुजारी आला, पारीवर ओटी भरली, दहीभात ठेवला. हळूहळू बोलणं थांबलं. घरात पुन्हा कोणी विषय काढला नाही. आमच्याकडे तो आजार नव्हताच. आजार असता तर डॉक्टर आला असता, आला पुजारी.

आणि म्हणून मी भंडाऱ्याला "मनाचा आजार? नाही" म्हणून मोकळी झाले. खोटं बोलले नाही. मनात आलंच नाही. चौथीला मी दरवर्षी शिकवते की पारीवर आसरा-बिसरा काही नसतात. मग ते काय होतं, हे मी स्वतःला सव्वीस वर्षांत एकदा विचारलं नाही. शाब्बास, बाई.

२५ नोव्हें.
आक्का ओटी भरून आल्या. मी सोबत गेले, वाद घातला नाही; त्यांचा भाऊ आहे.
परत आल्यावर आक्का देवळात गेल्या, तेव्हा ह्यांना गाठलं. म्हटलं, सोमवारी गोळी नाही. आधी डॉक्टरांना बावन्नचं सांगायचं. ज्याला आधी नसलेलं दिसलंय त्याला ह्या गोळीनं परत दिसू शकतं, म्हणूनच तो प्रश्न असणार.
हे खाली बघत म्हणाले, "मले माहीत आहे."
"काय माहीत आहे?"
"डॉक्टरनं मले विचारलं होतं. तू बोलली."
"मग तुमी काहून नाही बोलले?"
"बोललो असतो तं गोळी भेटली असती का?"
म्हणजे त्याच क्षणी समजलं होतं. खिडकीशी गप्प बसले ते थकून नाही.
"तुमाले समजलं होतं, आन् तुमी मले 'नाही' म्हणू दिलं?"
"मी काय येडा आहो, न समजाले?"
'येडा' हा शब्द दोघांनाही ऐकू आला. मला राग आला. इतका राग की पुठ्ठा भिंतीवरून काढून ठेवला. त्यांच्यावर किती आणि स्वतःवर किती, ते वेगळं काढता येत नाही.

२७ नोव्हें., सोम.
आज गोळी सुरू व्हायची होती. नाही केली. मी ठाम आहे.
शाळेतून पाचला आले तर बाटली फडताळातून खाटेखाली गेलेली. झाकणावर दातांचे वण. बोटांनी उघडेना म्हणून दातांनी ओढलंय. तरी उघडलं नाही. दिवसभर घरात माणसं होती, आक्का होत्या, सालदार होता; कोणाला म्हटलं नाही की उघडून द्या.
बाटली पुसून परत फडताळात ठेवली. चुलीपुढे बसून पोटभर रडले, धूर होताच.
उघडली असती तर? एवढं कोणाला तरी हवं असेल तर त्याला नुसतं "नाही" म्हणून चालणार नाही. भंडारा गाठायलाच हवा. मुख्याध्यापकांना गुरुवारची रजा सांगितली. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता, पण रजा ही रजा.

३० नोव्हें.
भंडारा. आत गेलो. मी रस्ताभर वाक्यं जुळवली होती: डॉक्टर, माझ्याकडून एक माहिती राहिली. तोंड उघडलं तर ह्यांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या हातासोबत माझाही हात थरथरायला लागला.
"थांब. हे माझं आहे. मी सांगतो."
डॉ.नी खुर्ची टेबलापलीकडून उचलून ह्यांच्या शेजारी आणली. पाऊण तास हे बोलले. हळू, एकसुरी, मधेमधे श्वास घेत. एवढं सलग मी वर्षभरात ऐकलं नव्हतं.
मला सगळं पाठ आहे असं वाटत होतं. मोरीचं सांगितलं, धान भिजलं ते सांगितलं. मग म्हणाले, "ओटी भरल्यावर घरच्यायले वाटलं, उतरलं. उतरलं नव्हतं. बाबा पुढं वरीसभर दिसून राहिले होते. मी सांगणं सोडलं. सगळे खूश झाले होते ना. मायचा जीव खाली पडला होता. ही पुन्हा शाळेत जाऊन राहिली होती."
ही म्हणजे मी. वर्षभर. मी त्या माणसाला रोज दोन वेळ जेवायला वाढत होते.

डॉ. रागावतील असं वाटलं होतं. म्हणाले, "चूक माझी पण आहे. आजार म्हणून विचारलं की आपल्याकडे लोक नाही म्हणतात. पुढे विचारीन तेव्हा असं विचारीन, की दुसऱ्याला न दिसणारं कधी दिसलं होतं का." मग गोळी थांबवली. नागपूरच्या मनाच्या डॉक्टरांना पत्र दिलं. ते हो म्हणाले तरच.
बसमध्ये ह्यांना म्हटलं, माझं चुकलं. "कायचं?" म्हणाले. म्हटलं, तुमची उत्तरं मी दिली. तर म्हणतात, "मार्क तं तुलेच भेटले असते." अशा माणसावर रागवावं तरी कसं?

६ डिसें.
नागपूर. मंदाकडे उतरलो. मनाचे डॉक्टर म्हातारे, शांत. त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं. मला! बाकावर तासभर बसले. आत ह्यांना काय विचारतात आणि हे काय सांगतात, काही कळत नाही. असं बसणं माहीतच नव्हतं. दारावरच्या पाटीतली शुद्धलेखनाची चूक तेवढी सापडली.
नंतर दोघांना आत घेऊन सांगितलं: गोळी देता येईल, पण अर्धीनं नाही, पावानं. आठवड्यानं थोडी वाढवायची, घाई नाही. घरातल्या कोणी रोज विचारायचं की काही दिसलं, ऐकू आलं का. दिसलं तर लगेच भंडाऱ्याला कळवायचं. आपल्या मनानं गोळी वाढवायची नाही आणि आपल्या मनानं एकदम बंदही करायची नाही, त्यानं अंग लाकूड होऊ शकतं. "आणि न घेणं हेही चालतं. घरी जाऊन ठरवा."

८ डिसें.
ठरवायचं होतं. सकाळी खळ्यावर धानाचा चुरणा, मळणी चालू, आम्ही दोघं बाजूला पोत्यावर.
मी स्पष्ट सांगितलं. नको. हात थरथरतो तर थरथरू दे, मी भरवीन, बटणं लावीन, झाकणं उघडीन. तो दुसरा माणूस मला परत बघायचा नाही. वीस वर्षांची होते तेव्हा, रोज पहाटे तुमच्या पायांचा चिखल धुतलाय आणि माहेरी एका अक्षरानं कळवलं नाही. मला भीती वाटते. असं मी कधी कोणापुढे म्हटलेलं नाही, ते म्हटलं.
हे म्हणाले, "तवाचं तू दोन महिने पाहिलं. हे हात तीन वरीस झाले मी पाहून राहिलो."
"आणि परत तसं दिसलं तर?"
"दिसलं तं सांगीन."
"मागल्या वेळी नाही सांगितलं."
"तवा कोणं विचारलं नव्हतं."
ठरलं. मी रोज संध्याकाळी विचारायचं, त्यांनी खरं सांगायचं. माझ्याकडून कबूल करून घेतलं की मी त्यांच्या तोंडाकडे बघून उत्तर ओळखायचा प्रयत्न करणार नाही. चेहरा तसाही काही सांगत नाही आता.

११ डिसें., सोम.
सकाळी भाकर खाल्ल्यावर पाव गोळी. ब्लेडनं कापली, चार तुकडे अगदी सारखे. माझा हात अजून पक्का आहे. दुपारी मळमळ, आलं चघळायला दिलं. संध्याकाळी विचारलं. "नाही."

१४ डिसें.
मळमळ कमी. उठताना वीस मोजतात, मोठ्यानं, मला ऐकू जावं म्हणून. तीळ मोजला: दोन मिलिमीटर. विचारलं. "नाही. तुले काही दिसलं का?" म्हटलं, मला न धुतलेली भांडी दिसतायत.

१८ डिसें.
डॉ.च्या सांगण्याप्रमाणे आजपासून सकाळी पाव, संध्याकाळी पाव. पाऊल थोडं मोकळं पडतंय. आक्कांना दिघोरीला पत्र टाकलं. त्यांचं श्रेय त्यांना देऊन टाकलं. त्या दिवशी पिशवी घेऊन आल्या नसत्या तर अर्ध्या गोळीनं सुरू झालं असतं आणि मी वेळापत्रकात टिकमार्क करत बसले असते.
विचारलं. "नाही."

२१ डिसें.
शाळेतून आले तर हे ओसरीवर सदरा घालून बसलेले. पाचही बटणं लावलेली. सालदार म्हणाला, मी नाही लावली बाई. मी हातातली पिशवी टाकून तिथंच बसले. ह्यांनी दोरी मागितली, धानाच्या तणसाची पेंढी घेतली आणि गाठ मारली. वेळ लागला. पण ओढून बघितली, सुटली नाही. आमची गाठ. अठ्ठावीस वर्षांत मी ह्यांना असं कधी म्हटलं नव्हतं, आज म्हटलं: फार छान केलंत.
विचारलं. "नाही." लगेच म्हणाले, मान वर करून.

२२ डिसें.
दुपारी हे एकटेच फिरून आले. कुठपर्यंत गेलात, तर "थोडं लांब." पायाला ओली माती होती. बांध्या सुकल्यात, ओलं फक्त तलावाकडे आहे. लाखोरीचं पीक बघायला गेले असतील, पारीखालच्या बांधीत आहे आमची लाखोरी. हात आज सर्वांत शांत. स्वतः पाणी ओतून प्यायले, थेंब सांडला नाही.
दिवे लागले तेव्हा विचारलं, रोजच्यासारखंच. काही दिसलं का, काही ऐकू आलं का?
हे हाताकडे बघत होते. म्हणाले, "आज नको विचारू. उद्या सांगतो."
मी चेहऱ्याकडे बघितलं नाही. कबूल केलंय.
उद्या म्हणाले म्हणजे सांगतील. ह्या वेळी सांगतील, मला खात्री आहे. भंडाऱ्याला पत्र लिहून ठेवलं, सकाळच्या टपालात जाईल: गोळी किती, कधीपासून, मळमळ, बटणं, गाठ, चालणं. सगळं माझ्या अक्षरात. सहाव्या प्रश्नापुढे चार ओळी मोकळ्या सोडल्यात. पत्र आणि पेन त्यांच्या उशाशी ठेवलंय.